कुलूपबंद अक्षरे

वर्ड ९७ मध्ये टाईप केलेले एखादे साधे पत्र घ्यावे, वर्ड बाजूला ठेवावा आणि त्या फाईलचे नुसते बाइट हेक्समध्ये पाहावेत. पहिले चार बाइट कायम तेच दिसतात: डी०, सीएफ, ११, ई०. यातल्या पहिल्या शून्याला 'ओ' वाचले आणि दोन एकांना 'आय' आणि 'एल', तर 'डॉकफाईल' असा शब्द जुळतो. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरांनी दारावर कोरलेली ही पाटी. दार मात्र एवढ्याने उघडत नाही. आत ५१२ बाइटांचे खण आहेत. कोणत्या खणाचा मजकूर पुढे कोणत्या खणात जातो याचा एक तक्ता आहे, आणि तो तक्ता कुठल्या खणांत ठेवला आहे याची आणखी एक यादी आहे. एका फाईलच्या पोटात लहानशी फ्लॉपी डिस्कच दडवलेली. पत्रातले 'सप्रेम नमस्कार' कुठून सुरू होतात हे कळायला आधी हा सगळा वाडा पालथा घालावा लागतो.

१९९० च्या दशकाच्या शेवटी लिनक्स वापरणारा माणूस रोज या वाड्यापुढे उभा असे. त्याच्याकडे चालणारी यंत्रणा होती, इंटरनेट होते, ईमेल होता. पण ईमेलला जोडून कुणी सभेची सूचना धाडली, की ती वर्डच्या फाईलमध्ये येई. सूचना चार ओळींची असे आणि ती वाचण्यासाठी दुसऱ्या कंपनीची यंत्रणा आणि तिच्यावर चालणारा महागडा प्रोग्राम विकत घ्यावा लागे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी जानेवारी २००२ मध्ये या जोडपत्रांविरुद्ध एक स्वतंत्र लेखच लिहिला आणि अशी फाईल आली की ती नम्रपणे परत करून साधा मजकूर मागा, असे लोकांना सांगितले. त्यांचे म्हणणे योग्य होते. पण शिक्षकाने, साहेबाने किंवा नोकरी देणाऱ्याने पाठवलेली फाईल परत करण्याची हिंमत सगळ्यांना होत नाही. म्हणून काही लोकांनी दुसरी वाट धरली. त्यांनी तो वाडा आतून मोजायला घेतला.

ही फाईल इतकी गुंतागुंतीची झाली कशी, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' नावाचा लेखन-प्रोग्राम केला. सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि रिचर्ड ब्रोडी यांच्याबरोबर त्यांनी वर्ड घडवला. तो १९८३ मध्ये बाजारात आला, आणि विंडोजसाठीची त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची. ब्राव्होतली एक हुशार कल्पना वर्डमध्येही आली. लेखकाने मध्येच एखादे वाक्य घातले, तर पुढचा सगळा मजकूर सरकवायचा नाही. नवे वाक्य शेवटी कुठेतरी ठेवायचे आणि 'आधी हा तुकडा, मग तो, मग पुन्हा पहिल्याचा उरलेला भाग' अशी तुकड्यांची यादी सांभाळायची. गोधडीसारखा प्रकार: वरून अखंड दिसते, आत चिंध्या जोडलेल्या. त्या काळच्या मंद डिस्कवर याने फार वेळ वाचे.

वर्डने फाईल साठवतानाही हीच युक्ती वापरली. 'फास्ट सेव्ह' नावाच्या सोयीत जुना मजकूर जागच्या जागी राही आणि फक्त नवे तुकडे शेवटी चिकटवले जात. म्हणजे लेखकाने खोडलेले वाक्य पडद्यावरून जाई, फाईलमधून जाईलच असे नाही. वर्डची फाईल मालकाला न विचारता काय काय सांभाळून ठेवते, याचा धडा फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या कार्यालयाला मिळाला. इराकविषयीचे एक टिपण त्यांनी वर्डच्या फाईलमध्ये जाहीर केले. त्या फाईलमध्ये शेवटच्या दहा फेऱ्यांत ती कोणी कोणी हाताळली याची नोंद तशीच राहिली होती आणि जाणकारांनी ती नावे बाहेर काढली. टिपणातला बराच मजकूर एका संशोधकाच्या लेखातून उचललेला होता, ते प्रकरण वेगळे.

या गुंतागुंतीला निव्वळ कपट म्हणणे मला पटत नाही. एक्सेलच्या गटात काम केलेल्या जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये हे नीट उलगडून लिहिले आहे. तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रांवर फाईल झटकन उघडावी म्हणून मेमरीतली रचना जवळजवळ जशीच्या तशी डिस्कवर उतरवलेली होती, आणि दरवर्षी नव्या सोयींची भर तिच्यावरच पडत गेली. वर्डच्या प्रत्येक जुन्या सवयीचा थर त्या फाईलमध्ये आहे. अक्षराचा आकार अर्ध्या पॉइंटात, समासाची रुंदी इंचाच्या १,४४० व्या भागात, आणि अशा बारीकसारीक हजारो नोंदी. पण हेतू कोणताही असो, परिणाम एकच झाला. वर्डची फाईल म्हणजे नक्की काय, याचे खरे उत्तर फक्त वर्डकडे होते.

आणि त्या उत्तराचा व्यापारही झाला. वर्ड ९७ ने आपला साचा बदलला, त्यामुळे नव्या फाईली वर्ड ९५ ला उघडेनात. जुन्या साच्यात साठवण्याची सोय दिलेली होती, पण पहिल्या आवृत्तीत त्या सोयीतून निघणारी फाईल खरे तर आरटीएफ या वेगळ्याच साच्यातली असे, नावापुढे शेपूट तेवढे 'डॉक'चे. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर खरा कन्व्हर्टर आला. तोवर कचेरीत एकाने नवा वर्ड घेतला की बाकीच्यांनाही घ्यावा लागत होता. तेव्हा कुलूप फक्त लिनक्सवाल्यांना लागले होते असे नाही. त्या कंपनीची जुनी, पैसे मोजलेली गिऱ्हाइकेही त्याच दाराबाहेर उभी होती.

आता ते मोजणारे लोक. बर्लिनच्या मार्टिन श्वार्ट्झ यांनी १९९६ च्या सुमारास 'लाओला' नावाने त्या खणांच्या रचनेचा नकाशा तयार करून सर्वांसाठी खुला ठेवला. मॉस्कोच्या व्हिक्टर वाग्नर यांनी 'कॅटडॉक' लिहिला. तो दिसणे, सजावट या भानगडीत पडत नसे, फाईलमधून फक्त मजकूर काढून देई, आणि रशियन लिपीची काळजी घेई. नेदरलँड्सच्या आद्री व्हॅन ओस यांच्या 'अँटीवर्ड'नेही तेच काम अधिक नेटकेपणाने केले. आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या कीलन मॅक्नमारा नावाच्या तरुणाने 'एमएस-वर्ड-व्ह्यू' लिहिला. वर्ड ९७ ची फाईल घेऊन तो तिचे वेबपान करी. पुढे त्यातूनच इतर प्रोग्रामांना वापरता येणारी 'डब्ल्यूव्ही' ही लायब्ररी झाली आणि 'अबीवर्ड' या छोट्या, चपळ लेखन-प्रोग्रामने वर्डच्या फाईली वाचायला ती वापरली.

कामाची रीत कष्टाची होती. वर्डमध्ये एकच अक्षर टाईप करून फाईल साठवायची. मग तेच अक्षर ठळक करून दुसरी फाईल साठवायची. दोन्ही फाईलींचे बाइट शेजारी शेजारी मांडायचे आणि कुठे फरक पडला ते शोधायचे. असे तिरक्या अक्षरासाठी, तळटिपेसाठी, तक्त्याच्या प्रत्येक रेषेसाठी. मायक्रोसॉफ्टने वर्ड ९७ च्या रचनेची कागदपत्रे काही काळ प्रोग्रामरांना दिली होती, नंतर ती सहज मिळेनाशी झाली. ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांनी त्या जपल्या. पण कागदपत्रे होती तिथेही ती अपुरी होती. कागदावर एक आणि वर्डचे वागणे दुसरे, असे झाले की वर्डचे खरे धरावे लागे.

हे वाचताना मला पेशवे दप्तरातली मोडी कागदपत्रे आठवतात. कागद शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारा माणूस मिळत नाही. मोडी वाचणारे कमी व्हायला काही पिढ्या लागल्या आणि ती लिपी कुणी झाकून ठेवली नव्हती. वर्डच्या फाईलीवर ही वेळ दहा-पंधरा वर्षांत येत होती.

मजकूर काढणे ही पहिली पायरी. माणसांना फाईल जशी आहे तशी दिसायला हवी होती, दुरुस्त करून परत पाठवायला हवी होती. डिसेंबर १९९८ मध्ये कोरेल कंपनीने वर्डपर्फेक्ट ८ हा आपला लेखन-प्रोग्राम लिनक्सवर आणला. २००२ पासून कोडवीव्हर्सच्या क्रॉसओव्हर ऑफिसमुळे खुद्द वर्डच लिनक्सवर चालवता येऊ लागला, पण त्यासाठी वर्ड विकत घ्यावाच लागे. खरे वळण आले ते जर्मनीतून.

मार्को बोरीस याने १९८५ मध्ये, शाळकरी वयात, ल्यूनेबर्ग गावी 'स्टार डिव्हिजन' ही कंपनी काढली. तिचा 'स्टारऑफिस' वर्डच्या फाईली चांगल्या वाचत असे, कारण जर्मन बाजारात टिकायचे तर ते भागच होते. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी ७.३५ कोटी डॉलरना विकत घेतली. सनमध्ये काम केलेल्या सायमन फिप्स यांनी नंतर सांगितले आहे, की ४२,००० कर्मचाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणे स्वस्त पडत होते. सनने १९ जुलै २००० रोजी स्टारऑफिसचा कोड खुला करण्याची घोषणा केली आणि १३ ऑक्टोबरला तो प्रत्यक्ष दिला. त्यातून निघालेल्या 'ओपनऑफिस'ची पहिली पक्की आवृत्ती मे २००२ च्या सुरुवातीला आली.

त्या कोडच्या ढिगात जागोजाग जर्मन भाषेतल्या टिपा होत्या. त्यांचा इंग्रजी अनुवाद करणे हे पुढे कित्येक वर्षे नव्या स्वयंसेवकांचे पहिले काम असे. त्याच ढिगात 'डब्ल्यूडब्ल्यू८' नावाचा एक कप्पा आहे, म्हणजे विनवर्ड ८, म्हणजे वर्ड ९७. वर्डची फाईल उघडताना खरी झटापट इथे होते. लिमरिकचे मॅक्नमारा पुढे याच कप्प्यावर काम करू लागले, आधी सनमध्ये, मग रेड हॅट या लिनक्स कंपनीत. लिनक्सवर एखादी जुनी डॉक फाईल सरळ उघडते तेव्हा त्यामागे या माणसाची वर्षानुवर्षांची मेहनत असते. या कामाला प्रसिद्धी नाही. फाईल नीट उघडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

फाईल उघडूनही पाने विस्कटत, त्याचे कारण फॉन्ट. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल लिनक्सबरोबर वाटता येत नसत. दुसरा फॉन्ट आला की अक्षराची रुंदी केसभर बदले, ओळ एका शब्दाने पुढे सरके, परिच्छेद एका ओळीने वाढे आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाई. मे २००७ मध्ये रेड हॅटने 'लिबरेशन' फॉन्ट दिले. वळण वेगळे, पण प्रत्येक अक्षराची रुंदी त्या जुन्या फॉन्टांबरोबर तंतोतंत जुळणारी. पुढे कॅलिब्रीसाठी 'कार्लिटो' आणि कॅम्ब्रियासाठी 'कॅलाडिया' याच रीतीने तयार झाले.

दरम्यान वेगळा विचार जोर धरत होता. दुसऱ्याच्या कुलपाला किल्ल्या घासत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक उघडा साचा का ठरवू नये? त्यातून ओपनडॉक्युमेंट आला. १ मे २००५ रोजी ओएसिस या संस्थेने तो मान्य केला आणि २००६ मध्ये आयएसओ २६३०० म्हणून तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये आपले दस्तऐवज याच साच्यात ठेवायचे ठरवले. त्यासाठी झटलेले राज्याचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख पीटर क्विन यांच्या प्रवासखर्चावर बातमी छापून आली. चौकशीत ते निर्दोष ठरले, तरी त्यांनी पद सोडले. २००७ मध्ये त्या राज्याने मायक्रोसॉफ्टच्या साच्यालाही मान्यता दिली.

तो साचा म्हणजे ऑफिस २००७ बरोबर आलेला डॉकएक्स. एक्मा या संस्थेने डिसेंबर २००६ मध्ये तो स्वीकारला आणि तो आयएसओकडे जलद मार्गाने गेला. ओपनडॉक्युमेंटचे वर्णन सुमारे ७०० पानांचे होते, याचे ६,००० हून अधिक. ६,००० पाने तपासायला देशोदेशींच्या समित्यांना काही महिने दिले होते. आत काय होते, तर एक नोंद म्हणे, 'वर्ड ९५ प्रमाणे जागा सोडा'. वर्ड ९५ जागा कशी सोडतो, ते मात्र लिहिलेले नव्हते. दहा वर्षे हेक्सच्या खणांत जे शोधत बसावे लागले होते, ते मानकाच्या पुस्तकातही पुन्हा शोधत बसा, असाच याचा अर्थ. माझ्या मते मानक या शब्दाला हे शोभणारे नव्हते.

२ सप्टेंबर २००७ ला पहिले मतदान संपले आणि प्रस्ताव पडला. स्वीडनमध्ये एका सदस्याचे मत एकाहून जास्त वेळा नोंदल्याचे निघाले आणि देशाचे मतच रद्द झाले. भारताने भारतीय मानक ब्युरोमार्फत 'नाही' असे मत दिले. फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस जिनिव्हात पाच दिवसांची बैठक झाली, हजाराहून अधिक सुधारणांचा त्यात निकाल लावायचा होता. बहुतेकांवर चर्चा होऊच शकली नाही. त्यानंतरच्या फेरीत प्रस्ताव मंजूर झाला. भारत 'नाही'वर ठाम राहिला, आणि दक्षिण आफ्रिका, ब्राझील, व्हेनेझुएला यांच्याबरोबर भारतानेही या निर्णयाविरुद्ध अपील केले. ऑगस्ट २००८ मध्ये ती अपिले फेटाळली गेली. आपण हरलो, पण आपण योग्य बाजूला उभे होतो, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही याचे मला वाईट वाटते. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, त्याची मुळे याच वादात आहेत असे मी मानतो.

या गदारोळाचा एक फायदा झाला. १५ फेब्रुवारी २००८ रोजी, जिनिव्हाच्या बैठकीच्या दहा दिवस आधी, मायक्रोसॉफ्टने जुन्या डॉक साच्याची संपूर्ण कागदपत्रे सर्वांसाठी उघडी केली आणि ती वापरणाऱ्यावर पेटंटचा दावा लावणार नाही असे वचन दिले. त्याआधी काही महिने, ऑफिस २००३ च्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकने, सुरक्षेचे कारण देऊन, वर्डच्या खूप जुन्या फाईली उघडणे आपोआप बंद केले होते. ज्या प्रोग्रामने त्या फाईली जन्माला घातल्या तोच त्यांना दारात उभे करीना, आणि परक्यांनी अंदाजाने घडवलेले प्रोग्राम त्या उघडत होते. २०१० मध्ये सन ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर ओपनऑफिसवर काम करणाऱ्या अनेकांनी २८ सप्टेंबरला त्याच कोडमधून 'लिब्रेऑफिस' वेगळा काढला. २०१४ मध्ये 'डॉक्युमेंट लिबरेशन' नावाने आणखी जुन्या, विसरलेल्या साच्यांची मोजणी सुरू झाली.

इथवरची हकीकत सगळ्या जगाची. मराठीत या फाईलला दुसरे कुलूप होते.

१९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बराच काळ मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा पॅकेजांतून टाईप होई. यातले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवत. एका घरात अर्धा 'क', एका घरात काना, एका घरात वेलांटी. कंपनी बदलली की घरांची वाटणीही बदले. वर्डच्या फाईलमध्ये 'मुंबई' कधीच नसे. असत ती रोमन अक्षरे, काही विरामचिन्हे, वर उच्चारचिन्हे लावलेले युरोपीय स्वर, आणि 'हे अमुक फॉन्टात दाखवा' अशी सूचना. अशी फाईल लिनक्सवर आली की पहिले कुलूप उघडे: खण मोजले, तुकडे जोडले, परिच्छेद जागच्या जागी. आणि पडद्यावर मजकूर म्हणून नुसता कचरा, कारण फॉन्ट तिथे नसे. फॉन्ट बेकायदा उचलून आणला तर ती फाईल दिसे, पण शोधता येत नसे, अनुक्रमाने लावता येत नसे, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतेच.

दुसऱ्या कुलपाची किल्ली युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. पण तिच्यासाठी लिनक्सला देवनागरी जुळवता यायला हवी होती: 'कि'मधली वेलांटी साठवायची 'क'नंतर आणि दाखवायची 'क'आधी. २००० नंतर मुंबईतून सुरू झालेल्या इंडलिनक्स गटाने आणि देशभरच्या स्वयंसेवकांनी हे काम अंगावर घेतले. अक्षरे जुळवणाऱ्या 'पँगो' या लायब्ररीने ते साधले, पुढे 'हार्फबझ'ने. या नावातला 'हर्फ' म्हणजे फारसीत अक्षर आणि 'बाझ' म्हणजे उघडे. रेड हॅटने २००४ मध्ये लोहित फॉन्ट मुक्त केले आणि त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयाने ते वर्षानुवर्षे सांभाळले. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा, हिंदीचा चालणार नाही, हा आग्रह धरणारे लोक तिथे होते.

म्हणून आता अवघड असे काही उरलेले नाही. राहिले आहे ते फक्त करायचे. तुमच्या घरात, मंडळात, शाळेत, दिवाळी अंकाच्या कपाटात १९९५ ते २०१० या काळातल्या सीडी आणि जुन्या हार्ड डिस्क असतील. त्यांत वडिलांच्या आठवणी असतील, संस्थेचा इतिहास असेल, एखाद्या कवीचा छापलाच न गेलेला संग्रह असेल. सीडी फार वर्षे टिकत नाहीत. त्या आधी दुसरीकडे उतरवून घ्या. डॉक फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि तिच्यात कोणता फॉन्ट लिहिला आहे ते टिपून ठेवा, कारण पडद्यावर कचरा दिसला तरी फॉन्टचे नाव तिथे वाचता येते. त्या नावाचा कन्व्हर्टर शोधून मजकूर युनिकोडमध्ये करा. मग 'दऱ्या', 'सुऱ्या', 'वाऱ्या' असे शब्द डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर अनेकदा या 'ऱ्या'वर अडखळतात. झालेला मजकूर ओडीटीमध्ये, म्हणजे ओपनडॉक्युमेंटच्या साच्यात, आणि साध्या टेक्स्टमध्ये, अशा दोन प्रतींत ठेवा. मूळ फाईल मात्र पुसू नका.